किटली

लाट आली तेव्हा मी आईच्या पोटात होते,
जेमतेम तीन महिन्यांची.
तरी मला ती आठवते.

म्हणजे बघा, रविवार होता. दुपारची जेवणं उरकलेली.
जमीन हलायची थांबेचना,
बायका कुंपणाचे खांब धरून उभ्या,
आणि मग समुद्र मागे गेला.
इतका मागे, की होड्या कुशीवर पडल्या
माजावर आलेल्या डुकरिणींसारख्या, जड, ओल्या.
शिंपल्यांनी भरलेला तळ उघडा पडला
आणि काहीजण टोपल्या घेऊन खाली धावले.
फुकटचं कोण सोडतं?
ओतिलियामावशी टेकडीवरून ओरडत राहिली, मागे फिरा, मागे फिरा.
तिची शाल तांबडी होती.

ती शाल मी पाहिली आहे. कुठेही शपथेवर सांगेन.

आमच्या चिलोए बेटावर उघडीप हीच बातमी असते.
माणसं लाकडाच्या चुलीला बिलगून बसतात,
माते नावाचा कडू चहा
एकाच भांड्यातून, एकाच नळीने, हातोहात फिरतो
आणि त्याच्यासोबत लाट फिरते.
एकजण सुरुवात करतो, दुसरा पुढे नेतो,
तिसरा म्हणतो, छे, आधी कुत्री भुंकली.
बरं, आधी कुत्री.
अशी ती इतकी वर्षं
आमच्या घराघरांत वाळलीच नाही.

माझा भाऊ रोसेंदो तेव्हा सहा वर्षांचा.
तो तिथे होता. स्वतःच्या दोन पायांवर, तिथे.
पण त्याला विचारलं तर म्हणायचा, किटली.
कसली किटली?
"सगळे पळाले आणि चुलीवर किटली उकळत होती.
झाकण टकटक करत होतं.
मला वाटलं, ही उतरवायला कोणीतरी येईल."
बस. ना होड्या, ना शिंपले, ना शाल.
लोक हसायचे. अरे वेड्या, चूलच आडवी झाली होती,
तुझ्या बापाने उचलली ती नंतर!
वडील मान डोलवायचे.
हळूहळू तोही मान डोलवायला शिकला.
चाळिशीला आला तोवर त्यालाही होड्या दिसू लागल्या,
शालसुद्धा. जरा विटकी होती म्हणायचा,
तेवढाच त्याचा हट्ट.

गेल्या हिवाळ्यात तो गेला.
शेवटच्या आठवड्यात ताप उतरेना.
एका रात्री म्हणाला, "एर्मे, ती उतरव ना."
काय उतरवू, हे मी विचारलं नाही.
उठले. चुलीवर काही नव्हतं.
फडकं घेऊन, चटका बसू नये तसं,
मी ते काही-नाही उचललं
आणि खाली ठेवलं.
त्याने डोळे मिटले.

पुढच्या पावसात चुलीपाशी माझी पाळी आली
तेव्हा मी किटली सांगितली.
होड्यांच्या नंतर, शालीच्या आधी.
शेजारचा सेगुंदो नाउतो खाकरला.
असं काही नव्हतं, म्हणाला.
होतं, मी म्हटलं.
कोणी वाद घातला नाही. भांडं पुढे गेलं.

आणि परवा धक्क्यावर,
जाळ्यातला गुंता सोडवत बसलेला हाच सेगुंदो
शाळेच्या पोरांना सांगत होता :
"सगळं गाव टेकडीवर. खाली चिटपाखरू नाही.
फक्त एका घरात किटली उकळतेय,
झाकण टकटक, टकटक.
या कानांनी ऐकलंय मी."

एका पोरीने नाक पुसत विचारलं,
मग ती उतरवली कोणी?

सेगुंदो थांबला. त्याने मला पाहिलं,
जाळ्यातून हात न काढता हनुवटीनेच माझ्याकडे दाखवलं.

"ते हिला विचारा," म्हणाला.
"ही होती तिथे."